धक्क्यापर्यंतचा विमा

रंगूनहून मी मोटार घेऊन आलो, हे गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. ती मोटार माझी नव्हती, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. आमच्याकडे माणूस ज्या गाडीत बसून येतो ती त्याचीच असते.

मी बोलणारा माणूस नाही. उमेदीची वर्षं गिरणीत इंजिनापाशी गेली. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून न बोलण्याची सवय लागते, आणि लोक तिला शहाणपण समजतात. माझ्या बाबतीत ते शहाणपण नव्हतं. आता पन्नाशी गाठली आहे, तेव्हा जे सांगायचं ते सरळ सांगून टाकतो.

रंगूनला मी भाताच्या गिरणीत मिस्त्री होतो. गोंदियाच्या गिरण्यांत हात बसलेल्या माणसाला तिकडे मागणी असायची. तिथल्या गिरण्या आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, पण वास तोच. उकडलेल्या धानाचा आणि ओल्या तुसाचा. पहिल्या दिवशी त्या वासाने मला घर आठवलं आणि मी इंजिनाच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले. पुढे सगळं उलटं झालं. आता इथे गोंदियात स्टेशनापलीकडे धान उकडायची भट्टी पेटली, की मला ते शहर आठवतं. कामासाठी म्हणून मी त्या रस्त्याने जातो. काम नसतं.

लग्न मी जाण्याआधीच झालं होतं. बायको इथे माझ्या आईवडिलांपाशी. दोन-तीन वर्षांनी मी पाहुण्यासारखा यायचो, पाहुण्यासारखाच जायचो. मूलबाळ झालं नाही.

आणि तिकडे ती होती.

ती धानाची दलाल होती. त्या देशात बायका असले व्यवहार सर्रास करतात. खाडीत धानाच्या होड्या लागल्या की ती घाटावर उतरायची, मुठीत धान घ्यायची, एक दाणा दातांत फोडायची आणि सांगायची, हा गिरणीत अख्खा निघेल की तुटेल. एकदा गिरणीत आली, माझ्या यंत्राखालचा तांदूळ तळहातावर पसरून पाहिला आणि बाजारच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "धान अच्छा था. तेरा मशीन काटता है." खरं होतं. मी निमूटपणे जातं सारखं केलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायला आली. तिसऱ्या दिवशी बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी आली.

त्यांच्यात लग्नाला भटजी लागत नाही, अग्नी लागत नाही. चार माणसांदेखत दोघं एका ताटात जेवली की झाली नवराबायको. आम्ही जेवलो. घरी बायको आहे, हे मी तिला सांगितलं होतं. ती आहे, हे मात्र घरी सांगितलं नव्हतं.

मोटार आम्ही जुनी घेतली. काळी, चार दारांची, वर कापडी टप. ती तिच्या नावावर केली, कारण गिरणीच्या साहेबाला आपल्या हाताखालच्या माणसाने मोटार ठेवलेली खपत नसे. चालवायचीही बहुतेक तीच. उंचीने बेताची होती, पाय पोचत नसत, म्हणून मी क्लचवर आणि ब्रेकवर सागवानाचे दोन ठोकळे बसवून दिले होते. घाटाकडे निघाली की गालाला चंदनासारख्या सालीचं गंध लावलेलं, तोंडात जाड चिरूट, आणि नजर अशी की समोरचे हातगाडीवाले आपसूक बाजूला व्हायचे. मी शेजारी बसायचो. आयुष्यात मी सगळ्यांत सुखी कुठे होतो असं कोणी विचारलं, तर मला देऊळ आठवत नाही, घर आठवत नाही. ती शेजारची जागा आठवते.

मग घरून कळलं, वडिलांचं काही खरं नाही. मी निघालो. ती म्हणाली, "मोटार घेऊन जा."

"इतक्या लांब? जहाजातून? कशाला?"

"तू रिकाम्या हाताने गेलास तर तिथलाच होशील. माझी वस्तू बरोबर असली की परत आणून द्यावी लागेल."

ती हसत बोलली, पण दुसऱ्याच दिवशी मला विम्याच्या कचेरीत घेऊन गेली. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आधी रंगूनची मोटार कलकत्त्याला उतरली तरी घरातल्या घरात होती. आता ती परदेशी ठरणार होती. कचेरीतला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "आमचा विमा धक्क्यापर्यंत. जहाजावर चढली की जहाजाचा वेगळा. तिकडे उतरली की तिकडच्या कंपनीचं आणि तुमचं नशीब. गाडी कायमची चालली, की परत येणार?"

प्रश्न त्याने मला विचारला. उत्तर तिने दिलं. "परत येणार. पावसाळ्याआधी."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्या वेळी माझ्या मनात खोट होती का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नव्हती, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

गोंदियाला मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून मोटार उतरवली तेव्हा निम्मं स्टेशन गोळा झालं होतं. महिन्याभरात वडील गेले. मग आई खाटेला लागली. मग धानाची कापणी, मग शेताच्या बांधाची भांडणं. पावसाळा गेला, दुसरा आला. जायला अडवत कोणीच नव्हतं. इथे मला सगळे मान देत होते, मोटारवाला म्हणत होते, आणि बायको गरम भात वाढत होती. मी तिकडे गिरणीतल्या जोडीदारांना लिहायचो, तिला सांगा, येतो, लवकरच येतो. मग लिहिणंही लांबत गेलं.

रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा अख्खं गाव माझ्यासाठी हळहळलं. तिकडची नोकरी बुडाली म्हणून. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच वाटलं. आता जाता येत नाही, याला सगळ्या जगाला पटेल असं कारण मिळालं होतं.

पुढे गिरणीतला माझा एक तेलगू जोडीदार आसामच्या जंगलातून चालत चालत हिंदुस्थानात पोचला. घरी जाताना गोंदियाला उतरून मला भेटून गेला. हाडांचा सापळा झाला होता. म्हणाला, "ती सुखरूप आहे. नदीपलीकडे भावाच्या गावी आहे. निघताना मला वाटेसाठी भात बांधून दिला. विचारत होती, मोटार चालते का?"

"तू काय सांगितलंस?"

"मला काय ठाऊक? म्हटलं, चालत असेल."

मोटार चालत नव्हती. पेट्रोल कुपनावर, टायर तर दिसतच नव्हते. धानाच्या कोठाराशेजारी छपरी होती, तिथे मी ती विटांवर चढवून ठेवली होती. मधूनमधून आत जाऊन बसायचो. ठोकळे मी काढले नव्हते. माझ्या उंचीला ते जाच करत, गुडघे चक्राला लागत. तसाच बसायचो. एकदा बायकोला म्हटलं, ये, बसून बघ. ती दारातच थांबली.

"बस म्हनता तं बसतो. पन कोनाच्या जागी बसू, थे सांगा."

मी ती थट्टा समजलो. खरं म्हणजे, थट्टा समजणं सोयीचं होतं.

लढाई संपली. मी गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम धरलं होतं. आज आमच्याकडचं गोरेगाव, उद्या आमगाव, परवा तिरोडा. बैलगाडीत कंबर मोडायची. पेट्रोल थोडंफार मिळू लागलं, टायर जुळवले. पण तोवर नवा कायदा आला होता. विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही. गोंदियातला विमा एजंट गाडी बघायला घरी आला. तोंडात पान, बोलणं हिंदी, माणूस उमदा. त्याने मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि पाटीपाशी थबकला.

"भाईसाहब, ये तो रंगून का नंबर है. परदेसी गाडी."

"हो."

"पहले यहाँ का नंबर लेना पडेगा, तब बिमा. और ये पैर के नीचे लकडी कायको ठोकी है? निकालो इसको, पैर फिसलेगा तो आदमी मरेगा." मग ओसरीवर बसून त्याने रंगूनचे कागद उलटून पाहिले. "गाडी तो किसी औरत के नाम पे है?"

मी मोटारीकडे पाहिलं.

"देखो, जिसकी गाडी उसका बिमा. ये बाई जिंदा है तो उसका दस्तखत लाओ. नहीं है तो बोलो, गुजर गयी. आप घरवाले हो, आपके नाम पे कर देंगे. बर्मा में कौन पूछने जाता है? लाखों मर गये वहाँ."

आत बायको चहा करत होती. कपबशीचा आवाज थांबला, तो मला ऐकू आला.

"वारली," मी म्हटलं.

"राम राम," एजंट म्हणाला. पान बाजूला थुंकून आला आणि कागद भरू लागला.

तो गेल्यावर मी आत गेलो. बायकोने चूल विझवली होती आणि घरातलं भरलेलं पाणी हंड्या-हंड्याने परसात ओतत होती. मयताची बातमी आली की आमच्याकडे असंच करतात. मला काही उमगेना.

"हे काय?"

"कई वारली?" तिने माझ्याकडे न पाहता विचारलं.

"कोण?"

"तिकडची."

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, कोणाकडून, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"बॉम्ब पडले... तेव्हा," मी म्हटलं. खोट्याला लगेच दुसरं खोटं लागतं.

"एका ताटात जेवत होता का दोघं?"

मी दचकलो. तिकडच्या रीतीबद्दल मी तिच्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. ती आपली तिच्या हिशेबानं विचारत होती.

"जेवत होतो."

"मंग थे बायकोच झाली. सुतक हाय. आयकलं तवापासून धा दिवस. जा, न्हाऊन या. न्हाव्याले मी बलावतो."

"अगं, ती आपल्यातली नाही, धर्माची नाही..."

"ताटात बसवतानी पुसलं होतं का तिले?"

मी डोकं न्हाव्यापुढे वाकवलं. जिवंत बाईसाठी. केस मांडीवर पडत होते आणि मला एवढंच दिसत होतं, की नदीपलीकडे भावाच्या अंगणात ती धान वाळत घालत असेल, उन्हात डोळे बारीक करून. त्या वेळी बोललो असतो तर तिथेच संपलं असतं. पण गाडीचे कागद नव्या नंबरासाठी नागपूरला जायचे होते, आणि मला ती गाडी हवी होती. रस्त्यावर, चाकांवर, माझ्या नावाची.

गावात कुजबुज झालीच. शेजारीण बायकोला विचारायला आली, "काऊन वं, कोन गेलं?"

"माही बहीन."

"तुही कोनती बहीन रंगूनले होती? आमी तं कई आयकलं नाही."

"तुले पुसून करत होती का बहीन?"

शेजारीण गेली. बायको खाली घोंगडीवर निजायची, अळणी खायची. आणि रडायची. दाखवायला नाही, भांडी घासताना, पाठ माझ्याकडे करून. सवतीसाठी अशी रडणारी बाई मी पाहिली नव्हती. एकदा म्हणाली, "परक्या मुलखात तुमाले रांधून घातलं तिनं. मले तं कई कई वर्सं तुमाले वाढाले बी नाही भेटलं. तिनं वाढलं. कोनीतरी वाढलं." मला तिथून उठून जावं लागलं.

दहाव्याला आम्ही पांगोली नदीच्या काठावर गेलो. दोघंच, आणि विधी सांगणारा एक म्हातारा. वाळूवर भाताचा पिंड ठेवला. माझ्या मनात एकच होतं, कावळा शिवणार नाही. कसा शिवेल? मेलंय कोण? आणि बायको विचारेल, हिचं काय राहिलं असेल मनात? मग मी सांगेन, असं काहीसं मी ठरवलंही होतं. कावळ्याने न शिवून माझ्यासाठी बोलावं, अशी माझी अपेक्षा होती. सबंध आयुष्य मी अशीच दुसऱ्याच्या तोंडाने बोलायची वाट पाहत काढलं.

पण पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरतो न सरतो, तोच कावळे आले. एक नाही, चार-पाच. भांडत, ढकलत भात खाऊन टाकला.

म्हातारा म्हणाला, "झालं."

बायकोने सुस्कारा टाकला, डोळ्यांना पदर लावला. चेहरा उजळला होता तिचा. "पाहा, कसे लगेच शिवले. काही नव्हतं बाईच्या मनात. तुमच्यावर राग बी नव्हता, आस बी नव्हती. मोकळी झाली बिचारी."

आसही नव्हती. ते मला ऐकवलं नाही. माझा खोटेपणा मला इतकी वर्षं खपला, बॉम्ब पडल्यावरचं ते सुटल्यासारखं वाटणंही खपलं. पण तिच्या मनात माझ्यासाठी काही उरलेलं नाही, हे कोणी माझ्या तोंडावर समाधानाने म्हणावं, ते खपेना. म्हणजे मी खरं बोललो ते काही सचोटीने नाही. तेवढं श्रेय मला कोणी देऊ नये.

"खोटं आहे," मी म्हटलं. "ती जिवंत आहे."

"काय म्हनता?"

"जिवंत आहे. भावाच्या गावी आहे. तेलगू मिस्त्री सांगून गेला होता. गाडी माझ्या नावावर व्हावी म्हणून मी तिला मारलं."

म्हाताऱ्याने आपलं पंचपात्र उचललं आणि बांध चढून गेला. बायको वाळूकडे बघत राहिली. कावळे अजून शितं टिपत होते.

"मंग हे कोनाचं खाऊन राहिले?" ती म्हणाली.

मी हात हलवून कावळे उडवले.

"धा दिवस मी अळनी खाल्लं. माहा बाप गेला तई येवढी रडली नाही मी. अना थे तिकडं चांगली तोंडाले गंध लावून भात खाऊन राहिली!" आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती वाळूत बसली. मग हसू थांबलं. "तुमी मले बी कई असंच मारलं असन. तिच्यापाशी."

"नाही. तू आहेस हे मी तिला सांगितलं होतं."

"तिले सांगतलं." ती उठली, लुगड्याची वाळू झटकली. "मले नाही सांगतलं." आणि पुढे चालू लागली. घरापर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला एजंटाकडे गेलो. माझं बोडकं डोकं पाहून तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, "गाडीची मालकीण जिवंत आहे."

"क्या भाईसाहब, दस दिन में जिंदा हो गयी?"

"आधीपासूनच होती."

त्याने दार लोटलं. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून म्हणाला, "मत बोलो. कागज बन गया है. बाल भी दे चुके हो. किसका नुकसान है?"

"फाडून टाका."

"फिर गाडी खडी रहेगी."

"राहू दे."

त्याने कागद फाडले. चांगला माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मी पायी परत आलो. विम्याशिवाय मोटार छपरीबाहेर काढता येणार नव्हती, मालकिणीच्या सहीशिवाय विमा होणार नव्हता, आणि मालकिणीला मी बॉम्ब पडल्यापासून एका ओळीचाही निरोप धाडला नव्हता. टपाल पुन्हा सुरू झालं होतं, तरी नाही.

घरी बायको सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी काय करून आलो ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मंग आता लिवा तिले."

"तिला आपली भाषा वाचता येत नाही. मला तिची लिहिता येत नाही."

"हिंदीत लिवा. कोनी ना कोनी वाचून दाखवन. आना कागद. मी सांगतो."

मी कागद आणला. तिने सुपातून डोकं वर न काढता सांगायला सुरुवात केली.

"लिवा, का तुही गाडी हाय. उंदरानं गादी कुरतडली, बाकी चांगली हाय. तुही वस्तू तू घेऊन जाय, नाही तं सांग, कशी पाठवाची थे."

मी लिहिलं.

"लिवा, का घरवालीनं तुह्या नावानं धा दिवस सुतक पाळलं. आता तू लय वर्सं जगशीन."

तेही लिहिलं.

"अना लिवा, का मानूस बी इथंच हाय. पायजे तं थोही घेऊन जाय."

मी थांबून तिच्याकडे पाहिलं. ती एक खडा बोटांत धरून उजेडात बघत होती. थट्टेचं काही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं.

"हे लिहू?"

"सांगून राहिलो ना मी. लिवा."

आता तिने मान वर केली होती आणि माझ्या हाताकडे पाहत होती. मी ते वाक्य लिहिलं. लिहिताना माझा हात कुठेही अडला नाही, आणि ते तिने पाहिलं.